दुपारी बाराची भुतं

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण त्यांना ते चाललं नसतं. "नाव सांगितलं की माणूस आडनाव विचारतो, आडनाव कळलं की चहा कपात द्यायचा की कागदाच्या पेल्यात ते ठरवतो," असं ते म्हणायचे. शाळेतली मुलं त्यांना भूतभिया म्हणायची. आमच्या माळव्यात भिया, म्हणजे भाऊ, हा शब्द भाजीवाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांना चालतो, म्हणून तेवढा त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतला होता.

मी देवासची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि सोनकच्छच्या पुढे एका सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून लागले. अतिथी म्हणजे पाहुणी. दरवर्षी नेमणुकीचं नवीनीकरण, निरोपाचा नारळ कधी हातात पडेल याचा भरवसा नाही. रोज सकाळी बसने जायचं आणि दुपारी बसने यायचं, याला आमच्याकडे मराठीतसुद्धा अपडाऊन म्हणतात. भूतभिया त्याच शाळेत लॅब अटेंडंट होते आणि त्याच बसने अपडाऊन करत. साठीला आलेले, काळेसावळे, किडकिडीत. शर्टाच्या खिशात दोन फोन, एक बोलायचा आणि एक शूटिंगचा. शूटिंगच्या फोनवर कुणाचा कॉल आलाच तर "काम चालू आहे" एवढं सांगून ठेवून द्यायचे. तेव्हा ते परीक्षानळ्या धूत असायचे.

पहिल्याच आठवड्यात बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "ताईसाहेब, भुताचे सिनेमे बघता का?"

"बघते, पण भीती वाटते."

"कोणाच्या बाजूने?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी सोनकच्छ येईपर्यंत तो समजावून सांगितला. त्यांचं म्हणणं असं, की सिनेमातली हवेली नेहमी श्रीमंताची असते आणि भूत नेहमी गरिबाचं. मोलकरणीला कुणीतरी विहिरीत ढकललेलं असतं, माळ्याला भिंतीत चिणलेलं असतं. तिकीट काढून बघायला बसलेले सगळे मोलकरणी आणि माळी, आणि देव पाण्यात घालतात ते हवेलीच्या मालकासाठी. शेवटी मांत्रिक येतो, मोलकरणीला बाटलीत बंद करतो आणि मालक सुखाने झोपतो. "आणि आपण टाळ्या वाजवतो," ते म्हणाले. "मी लहानपणापासून एकटा भुताच्या बाजूने आहे. थेटरात मार खाल्लाय त्याच्यापायी."

म्हणून ते स्वतः सिनेमे करायचे. भीतीचे आणि विनोदी, दोन्ही एकात. फोनवर काढायचे आणि इंटरनेटवर टाकायचे. त्यांच्या सिनेमात मांत्रिक नसायचा आणि भूत कधी हरायचं नाही. त्याला हवं ते मिळालं की ते आपण होऊन निघून जायचं. हवं असायचं ते फार लहान काहीतरी असायचं.

त्यांचा पहिला सिनेमा 'खुर्ची'. एका ऑफिसचा शिपाई आयुष्यभर साहेबाच्या दाराबाहेर उभा राहून मरतो आणि भूत होऊन साहेबाच्या खुर्चीत बसतो. साहेब त्या खुर्चीत बसायला जातो तेव्हा कुणीतरी खालून म्हणतं, "सरकून घ्या." एवढंच. त्यांच्या सिनेमात साहेबाचं काम बसच्या कंडक्टरला असे, कारण त्याला ओरडायची सवय होती. आमच्या प्राचार्यांनी हौसेने काम मागितलं, तर त्यांना जिवंतपणीच्या शिपायाचं दिलं. एकही वाक्य नाही, नुसतं दाराबाहेर उभं राहायचं. शूटिंग तीन दुपारी चाललं. चौथ्या दिवशी प्राचार्यांच्या ऑफिसबाहेर खऱ्या शिपायासाठी एक स्टूल आलं.

भुतांविषयीची त्यांची मतं ठाम होती. त्यांच्या कुठल्याही भुताला पांढरी पावडर लावलेली मी पाहिली नाही. एकदा कंडक्टरच्या बायकोला भुताचं काम होतं आणि ती पार्लरमधून तोंड रंगवून आली. भूतभियांनी तिला नळावर नेऊन तोंड धुवायला लावलं. "जिवंतपणी गोरं व्हायला सांगतात तेवढं पुरे," ते म्हणाले. "मेल्यावर तरी आपला रंग राहू दे."

भुताचे पाय उलटे का असतात यावरही त्यांचं स्पष्टीकरण होतं. "साहेबासमोरून पाठ न दाखवता मागे मागे यायचं असतं. जन्मभर तसं चालल्यावर पाय उलटेच होणार."

आणि आमच्या मराठी भुतांवर तर त्यांचा विशेष राग. आपल्याकडे ब्रह्मसमंधाला पिंपळ, मुंजालाही पिंपळ, आणि बाकीच्यांनी बोरी-बाभळी बघायच्या. "मेल्यावरसुद्धा झाडं वाटून घेतली तुम्ही लोकांनी," असं ते मला म्हणत. 'तुम्ही लोक' म्हणजे आम्ही, दरबाराबरोबर देवासला आलेली दप्तरदार मंडळी. ते मूळचे धारचे. त्यांचे पूर्वज तिथल्या दरबाराबरोबर आलेले फर्रास, म्हणजे तंबू ठोकणारे आणि सतरंज्या अंथरणारे. "आलो दोघं एकाच घोड्यामागून," ते सांगायचे, "पण तुम्ही तंबूत बसलात आणि आम्ही खुंट्या मोजत राहिलो."

शूटिंग मात्र नेहमी दुपारी बाराला. मला वाटायचं त्यांच्याकडे दिवे नाहीत म्हणून. तेही होतंच. पण ते म्हणायचे, "रात्री कोणीही घाबरतं. भर उन्हात घाबरवून दाखवा."

आता मंडळाची गोष्ट.

देवासमध्ये मराठी माणसांची मंडळं आहेत, त्यातलं आमचं बहुधा सगळ्यात लहान. अध्यक्ष माझे काका. दहा मिनिटांच्या बोलण्यात त्यांचे पणजोबा दोनदा येत. गणपतीत एक संध्याकाळ विनोदी कार्यक्रमाची असते आणि त्यानंतर जेवण. त्या वर्षी नाटकातले दोघे पुण्याला मुलांकडे गेले आणि कार्यक्रम उरला नाही. मी काकांना म्हटलं, "आमच्या शाळेतले एकजण विनोदी सिनेमे करतात."

"मराठी आहेत का?"

"आहेत."

"आडनाव काय?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. काकांनीही घाई असल्यामुळे सोडून दिलं.

सिनेमाचं नाव 'पंगत'. त्याची कथा मी महिनाभर बसमध्ये ऐकत होते, हे इथे कबूल करते. मंडळाच्या जेवणात वर्षानुवर्षं वाढणारी एक बाई आहे. पहिल्याच दृश्यात ती शेगडीपाशी बसते, डोकं भिंतीला टेकवते आणि मरते. इतकं साधं मरण मी पडद्यावर पाहिलं नव्हतं. मग बाहेरून हाक येते, "मावशी, वरण." आणि ती वरणाचं भांडं घेऊन बाहेर येते. पंगतीत कुणालाच कळत नाही की ती मेलेली आहे, कारण तिच्या मनगटाच्या वर कुणी कधी बघितलेलंच नाही. कॅमेराही बघत नाही. आपल्याला फक्त हात, पळी आणि भांडं दिसतं.

मग आग्रह सुरू होतो. जिलबी संपली की जिलबी येते. नको म्हणून पानावर हात आडवा धरला तर हातावर येते. पंगत उठायला बघते तर उठता येत नाही. शेवटी एकाला कळतं की हिचं नाव घेऊन "पुरे" म्हटलं तर ही थांबेल. आणि नाव कुणालाच माहीत नाही. लोक मावशी म्हणतात, काकू म्हणतात, अहो बाई म्हणतात, आणि जिलबी येतच राहते.

यात एक सद्गृहस्थ आहेत, ते प्रत्येक घासाला म्हणतात, "वरण गार झालंय." ते वाक्य माझ्या काकांचं. जन्मापासून मी ते प्रत्येक पंगतीत ऐकलेलं. बसमध्ये मी सहज बोलून गेले आणि भूतभियांनी तिथेच तिकिटाच्या मागे टिपून घेतलं. काम अर्थात कंडक्टरने केलं.

आणि वाढणारी बाई होती आमच्या मंडळाची खरी मावशी. माझ्या मुंजीच्या वयाच्या भावापासून माझ्या आजोबांपर्यंत सगळ्यांना तिने वाढलेलं. भूतभियांनी तिला विचारायला जाताना मला बरोबर नेलं होतं. तिने सगळी कथा ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "मेल्यावर साडी कोणती नेसू?"

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. पडद्यावर जिलब्या सुरू झाल्या तशी माणसं हसून हसून खुर्चीतून घसरायला लागली. वरण गार झाल्यावर तर पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून काकांकडे बघायला लागल्या. काका हसत होते. त्यांना ते कंडक्टरचं वाक्य वाटलं.

मग सगळे नाव आठवायला लागतात ते दृश्य आलं, आणि हॉलमधलं हसू हळूहळू कमी झालं. मी कथा महिनाभर ऐकली होती, मावशीच्या घरी चहा पिऊन आले होते, आणि तिचं नाव मलाही माहीत नव्हतं. शेवटच्या दृश्यात कॅमेरा पहिल्यांदाच मनगटावरून वर जातो. मावशी सरळ आपल्याकडे बघते आणि विचारते, "वाढू?" तिथेच सिनेमा संपला.

दिवे लागले, पानं मांडली, आणि आतून मावशी वरणाचं भांडं घेऊन बाहेर आली.

मी आजवर इतकी शांत पंगत पाहिली नाही. जो तो तिच्या तोंडाकडे बघत होता. पहिल्या पानावरच्या वकीलसाहेबांनी घसा साफ करून विचारलं, "मावशी, आपलं नाव काय?" तिने सांगितलं. पुढच्या पानावर पुन्हा तोच प्रश्न. आठ-दहा पानांनंतर ती कंटाळली असावी. तिने प्रत्येकाला वेगळं नाव सांगायला सुरुवात केली. मला 'मंदा' सांगितलं, शेजारच्या वहिनींना 'सुलोचना'. शेवटचं पान येईपर्यंत सगळे तिला नावाने हाका मारत होते आणि ती कुणालाच ओ देत नव्हती.

तेवढ्यात काकांनी पहिला घास घेतला आणि जन्माच्या सवयीने म्हणाले, "वरण गार झालंय."

सगळा हॉल एकदम हशाने फुटला. वकीलसाहेबांना ठसका लागला. मावशीसुद्धा हसली, भांडं खाली ठेवून हसली. काकांनी इकडेतिकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता त्यांना कळलं. ते हात धुवायला उठले, परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मावशीच्या नावावरून भांडण झालं. सत्कार करायचा ठरलं होतं आणि मानपत्रावर नाव काय घालायचं ते ठरेना. चार नावांवर मतदान घ्यायची सूचना आली. मावशीला विचारायची सूचना कुणी केली नाही. सत्कार बारगळला.

काकांनी मात्र वेळ घालवला नाही. वरच्या ऑफिसात त्यांची ओळख होती. सरकारी नोकर परवानगी न घेता सिनेमे काढतो आणि समाजात तेढ निर्माण करतो, अशी तक्रार गेली. पाचव्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. ते दाराबाहेरच्या स्टुलाकडे बघत बोलत होते. "मॅडम, ऊपर से फोन आया है. उस आदमी को आप ही लेकर गई थीं ना? दो लाइन लिखके दे दीजिए." मग जरा थांबून म्हणाले, "आपका नवीनीकरण भी इसी महीने है."

मी चार ओळी लिहिल्या. 'सदर चित्रपटाच्या विषयाची मला पूर्वकल्पना नव्हती' असं त्यात हिंदीतून लिहिलं. खाली सही केली.

भूतभियांची बदली हाटपिपल्याच्या बाजूला झाली. त्यांना दोन बस बदलाव्या लागणार होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी लॅबची किल्ली माझ्या हातात दिली, आम्लाच्या कपाटाचं दार उचलून लावावं लागतं ते दाखवलं आणि गेले. ना राग, ना टोमणा. बसमध्ये त्यांच्या सीटवर कंडक्टर कुणाला बसू देत नसे. माझ्याशीही तो सुट्ट्या पैशांखेरीज बोलेनासा झाला. माझं नवीनीकरण झालं.

पुढचं वर्ष असंच गेलं. मला आई-काका, मंडळ, सगळ्यांचा कंटाळा आला होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. भूतभियांना फोन लावायला धीर होत नव्हता. शेवटी एका रविवारी मावशीकडे गेले. म्हटलं, "मावशी, मला तुमचं खरं नाव विचारायचंय."

ती गहू निवडत होती. "आईने पाठवलं, की स्वतः आलीस?"

"स्वतः."

तिने सांगितलं. मी ते एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. ती म्हणाली, "मी मंगळवारी धारला चालले. भियांनी रिटायर होऊन बहिणीकडे घर केलंय. नवीन सिनेमा काढतायत, मला बोलावलंय. येतेस का बरोबर? बसमध्ये मला मळमळतं."

अशी मी धारला गेले. पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. भूतभिया खिडकीच्या पडद्याला चिमटे लावत होते. थोडे वाळले होते. शर्टाच्या खिशात फोन दोनच. मला बघून त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"भिया, मी माफी मागायला आले," मी दारातच म्हणाले. उंबरा ओलांडल्यावर धीर राहिला नसता.

"ती नंतर मागा. आत्ता ऊन चांगलं आहे," ते म्हणाले. "मला एक घाबरणारी बाई पाहिजे. शेजारची येणार होती, तिची सून बाळंत झाली."

"मला अभिनय येत नाही."

"येतो. तुमचं लेखी मला प्राचार्यांनी दाखवलं होतं. चार ओळींत इतकी छान घाबरलेली बाई मी बघितली नव्हती."

हे ते टोचून बोलले नाहीत. नट निवडताना बोलावं तसं बोलले. मी पर्स ठेवली आणि उभी राहिले.

दृश्य छोटं होतं. घरची मालकीण बाहेरून येते आणि तिची मेलेली कामवाली दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून टीव्हीवर मालिका बघत असते. मालकीण घाबरते. एवढंच. मावशी सोफ्यावर बसली. भियांच्या बहिणीने टीव्ही लावला. मी दारातून आत आले, तिला बघितलं आणि किंचाळले.

"कट," भूतभिया म्हणाले. "किंचाळू नका."

पुन्हा आले. या वेळी छातीवर हात ठेवून मागे सरकले.

"कट. ताईसाहेब, ही भुताला घाबरत नाहीये. कामवाली मेलीय हे मालकिणीच्या ध्यानातच नाही अजून."

"मग घाबरते कशाला?"

"सोफ्यावर बसलीय ना."

मी बाहेर जाऊन उभी राहिले. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. आत टीव्हीवर कुणीतरी सासू रडत होती. कसं घाबरायचं याचा मी विचार करत होते आणि काही सुचत नव्हतं. "या," असा आवाज आला तशी मी आत गेले. मावशी ऐसपैस बसली होती, एक पाय दुमडून, पाठ उशीला टेकून. मला काही करावं लागलं नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, अगदी हळू आवाजात, जसं आमच्या घरात आई बोलते, आजी बोलायची तसं.

"अगं, ऊठ तिथनं."

आणि मावशी उठली.

ती खरंच उठली. पदर सारखा केला, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि खाली बघायला लागली. भूतभियांनी कट म्हटलं नाही. फोन धरलेला त्यांचा हात तसाच होता. त्यांची बहीण स्वयंपाकघराच्या दारात थांबली. माझ्या अंगावर बारा वाजताच्या उन्हात काटा आला. टीव्ही तेवढा चालू होता.

सगळ्यांत आधी मावशीच भानावर आली. तिने सोफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःशीच जीभ चावली. मग परत जाऊन बसली, पहिल्यापेक्षा जरा जास्त पसरून, आणि उशी पाठीशी ओढून घेतली.

"परत घ्या, भिया," ती म्हणाली. "आता मी उठत नाही."